स्टेशनपासून चालत पाच मिनिटं

हे वाक्य २०१३ च्या एप्रिल-मेमध्ये मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं, की शेवटी नवऱ्यानं त्याची परीक्षाच घ्यायची ठरवली. ठाण्यात, भर दुपारी, स्टेशनच्या जिन्याखाली त्यानं मोबाइलवर टायमर लावला आणि माझ्या सासूबाईंना पुढे घातलं. एजंट म्हणाला, "मावशींना कशाला त्रास? रिक्षानं जाऊ." सुहास म्हणाला, "नको, चालतच." पाचपाखाडीतल्या त्या बिल्डिंगच्या गेटशी पोचलो तेव्हा एकवीस मिनिटं झाली होती. त्यातली तीन रसाच्या गाड्यापाशी सावलीत उभं राहण्यात गेली, हे कबूल.

एजंट काही खजील झाला नाही. उलट आईंनाच म्हणाला, "मावशी, तुम्हाला कुठं रोज स्टेशनवर जायचंय? जाणार या मॅडम."

"तेच म्हणते मी," आई पदरानं घाम पुसत म्हणाल्या. "ही तर दिवसभर नसणारच. घर आमच्यासाठी बघायचंय."

तेव्हा आम्ही सगळे हसलो. वाक्य मात्र माझ्या डोक्यात कुसळासारखं रुतून बसलं.

झालं होतं असं, की मला बढती मिळाली आणि बढतीबरोबर फोर्टमधल्या मुख्य कार्यालयात बदली. सांगलीत आमचं गावभागात घर, सुहासचं ऑटोकॅडवर नकाशे काढायचं काम, मुक्ता पाचवीत जाणार आणि आई अडुसष्ट वर्षांच्या, गुडघ्यांनी दमलेल्या. बँकेतल्या कित्येक बायका अशा वेळी एकट्याच जातात. कुठं तरी पेइंग गेस्ट राहायचं आणि शनिवारी रात्रीची गाडी पकडायची. मीही तेच मनात धरलं होतं. पण आईच म्हणाल्या, की असं अर्धंमुर्धं नको, जायचं तर सगळे जाऊ. मग आमच्या जेवणाच्या ताटांभोवती मुंबईचा नकाशा फिरायला लागला.

फोर्टमधल्या सहकाऱ्यांना फोन केले. मुंबईचा माणूस पावसावर, गर्दीवर, खड्ड्यांवर तावातावानं बोलतो; पण आपल्या उपनगराचा विषय निघाला की त्याचा सूर माहेराबद्दल बोलावं तसा होतो. बोरिवलीवाल्यानं नॅशनल पार्कची हवा सांगितली. ठाण्याच्या बाईंनी मासुंदा तलाव, गडकरी रंगायतन आणि १८९३ सालापासूनचं मराठी ग्रंथ संग्रहालय एका दमात मोजून दाखवलं. वसईकरानं वाड्या आणि विहिरी सांगितल्या. विरारवाला म्हणाला, "आमच्याकडे गाडी सुटते, मॅडम. बसायला मिळतं." त्याच्या लेखी उपनगराची सगळी थोरवी त्या एका सीटमध्ये होती. पुढे रोज उभी राहून गेले तेव्हा त्याचं म्हणणं मला पटलं.

फोर्टचं एक बरं आहे. चर्चगेटही चालत आणि सीएसटीही चालत, त्यामुळे पश्चिम आणि मध्य दोन्ही मार्ग मोकळे होते. निवड कशावर करायची ते आईंनी एका प्रश्नात उरकलं.

"महालक्ष्मी कुठं थांबते?"

म्हणजे देवी नव्हे, कोल्हापूरहून येणारी गाडी. ती रात्री सांगली सोडते आणि पहाटे कल्याणला येते. आईंचं म्हणणं साधं होतं : उद्या गावाकडे कुणाचं बरंवाईट झालं तर बोरिवलीहून पिशव्या घेऊन दादरला गाड्या बदलत कोण बसणार? मला तो निकष तेव्हा म्हातारपणाचा वाटला. नंतर लक्षात आलं, की निम्मी मुंबई अशीच वसली आहे. नाशिक-जळगावकडची माणसं कल्याणच्या आसपास सापडतात. कोकणातली माणसं दिवा-ठाण्याला, पनवेलला. पालघर-डहाणूकडची पश्चिमेच्या टोकाला. माणूस नोकरीसाठी येतो, पण घर घेतो ते गावाची गाडी जिथं थांबते तिथं. मुंबई आवडली नाही तर परत जाता यावं म्हणून दाराजवळ चप्पल काढून ठेवल्यासारखं असतं ते.

तर पश्चिम गेली. उरली मुलुंड, ठाणे, डोंबिवली, बदलापूर.

बदलापूरला दोन बेडरूमचा फ्लॅट आमच्या खिशाला सहज परवडत होता. खिडकीतून डोंगर दिसत होते. मुक्ता तर तिथंच राहू या म्हणून हट्टाला पेटली. पण सीएसटी तिथून जवळजवळ सत्तर किलोमीटर, आणि उल्हास नदी अगदी शेजारी. कृष्णाकाठच्या माणसाला नदी शेजारी म्हटलं की पहिल्यांदा पायरी मोजावीशी वाटते. २००५ च्या जुलैत तिथं काय झालं होतं ते रिक्षावाल्यानं न विचारता सांगितलं. आम्ही परत फिरलो. पुढे २७ जुलै २०१९ ला आमचीच महालक्ष्मी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. आत हजारावर माणसं, बाहेर होड्या, वर हेलिकॉप्टर. टीव्हीसमोर बसून आईंनी मला कोपरानं ढोसलं. दोनच आठवड्यांत सांगलीत पाणी शिरलं आणि आमच्या गावभागातल्या बंद घराच्या खालच्या खोलीत कपाटाच्या दुसऱ्या कप्प्यापर्यंत चढलं. नदी टाळून आलो म्हणून फुशारकी मारायची सोय उरली नाही.

मुलुंड पूर्व मला मनापासून आवडलं होतं. झाडं, जुन्या बैठ्या इमारती, कॉलेज. शिवाय ते मुंबईत होतं. पिनकोड चारशेनं सुरू होणारा. हसू नका; सांगलीतल्या नातेवाइकांना 'मुंबईला राहतो' म्हणून सांगताना आतून खोटं वाटू नये, एवढीच माझी हौस होती. डोंबिवलीचा पिन ४२१, फोनचा कोड ०२५१, जिल्हा ठाणे. कागदावर पाहिलं तर डोंबिवली मुंबईची कुणीच नाही. सकाळी स्टेशनवर पाहिलं तर मुंबई डोंबिवलीवाचून उघडणार नाही असं वाटतं. सुहासला पिनकोडशी देणंघेणं नव्हतं. त्याला नकाशांसाठी मोठं टेबल मावणारी खोली आणि न जाणारी वीज हवी होती. त्यानं शोधून काढलं, की मुलुंड-भांडुप मुंबई महापालिकेत असले तरी वीज तिथं महावितरणचीच. म्हणजे विजेच्या बाबतीत सांगली, मुलुंड, डोंबिवली एकाच घरच्या लेकी. माझा एक मुद्दा असा खल्लास झाला.

मुलुंडला आम्हाला परवडत होती एक बेडरूम. तेवढ्याच भाड्यात डोंबिवली पूर्वेला दोन, तेही पहिल्या मजल्यावर. पहिला मजला महत्त्वाचा, कारण तिथल्या जुन्या चार मजली इमारतींना लिफ्ट नसते आणि आईंचे गुडघे दुसऱ्या मजल्याला संपतात.

ठरवण्याआधी मी एक तालीम करून पाहिली. सुहासचे मामा रामनगरात राहतात. १९७४ साली सांगलीहून आले तेव्हा दादरला पागडी द्यायला पैसे नव्हते, म्हणून डोंबिवलीला उतरले ते उतरलेच. त्यांच्याकडे मुक्काम केला आणि सोमवारी सकाळी मामींच्या शेजारणीबरोबर सव्वाआठच्या सुमाराची फास्ट धरायला गेले. वीस वर्षं गाडीनं जाणारी बाई. फलाटावर तिनं मला लग्नाच्या बोहल्यावर उभं करावं तसं तयार केलं. ओढणी आत खोचली, पर्स पोटाशी घेतली, केसांची क्लिप काढायला लावली. "डोळ्यात जाते कुणाच्या तरी," ती म्हणाली. गाडी येताना दिसली तशी तिनं माझं मनगट धरलं. पुढचं मी केलं असं म्हणता येणार नाही. मागून एक रेटा आला आणि मी आत होते.

आत माझा डावा हात वर राहिला तो ठाण्यापर्यंत खाली आणता आला नाही. समोरच्या बाईच्या ब्लाउजला मागे दोन सेफ्टी पिना होत्या, एक सोनेरी, एक काळी. पाऊण तास मी त्याच पाहत होते. मध्येच सगळं काळोखलं. पारसिकचा बोगदा. १९१६ पासूनचा हा बोगदा त्या वेळी फास्ट गाड्यांच्या वाटेवर होता. २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका झाली आणि लोकलनं ती वाट सोडली. त्या अंधारात डब्यातलं बोलणं एकदम थांबलं आणि बाहेर पडल्यावर जिथल्या तिथं सुरू झालं, वाक्याच्या मध्यापासून. कुणाच्या तरी नणंदेचं साखरपुड्याचं काहीतरी होतं. शेजारीण सीटवरच्या मुलीला विचारत होती, "कुठं उतरणार?" "घाटकोपर." "मग तुझ्यानंतर हिला. नवीन आहे." अशी मला आयुष्यातली पहिली चौथी सीट मिळाली. तिघींच्या बाकावर चौथीनं टेकायचं ती जागा. अर्धं अंग बाहेर, पण टेकल्याचं सुख पुरतं.

त्या रात्री मी हिशोब मांडला. दारापासून दारापर्यंत डोंबिवलीहून पावणेदोन तास, मुलुंडहून सव्वा. जाता-येता मिळून रोजचा एक तास फरक. वर्षाला कामाचे दिवस साधारण २८०. म्हणजे २८० तास, जवळजवळ बारा अहोरात्र. मुलुंड घेतलं तर दर वर्षी हे तास माझे. डोंबिवली घेतलं तर सुहासला खोली, मुक्ताला अभ्यासाला कोपरा, आईंना पहिला मजला आणि शेजारच्या गल्लीत मामा-मामी.

कागदावर हे फार सोपं दिसतं. पण ते तास मी कुणाला देतेय याचा मला तेव्हा राग आला होता, हे आज लिहून टाकायला हरकत नाही. घरातलं मिळवतं माणूस मी. मग घर माझ्या सोयीचं का नको? पुरुषाची बदली झाली असती तर सगळ्यांनी त्याच्या ऑफिसपासून फूटपट्टी धरली असती. सुहासला मी हे बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "तू मुलुंड म्हणालीस तर मुलुंड." आणि मग गप्प बसला. नवऱ्यानं असं मोकळं सोडलं की भांडायचीही पंचाईत होते.

निकाल शेवटी लावला तो ज्वारीनं.

आईंची उपनगर पाहायची पद्धत वेगळी होती. आम्ही फ्लॅटमध्ये शिरून नळ सोडून बघत होतो, भिंतीला ओल आहे का म्हणून हात फिरवत होतो, तोवर त्या खाली जायच्या आणि पहिल्या भेटलेल्या बाईला विचारायच्या, "इथं गिरण कुठं आहे?" सांगलीच्या घरात भाकरी लागते, रोज लागते. आणि ज्वारी गव्हाच्या पाठोपाठ दळली की पीठ बिघडतं, भाकरी थापताना चिरते. ज्वारीवर ज्वारी दळणारी गिरण हवी. मुलुंडला आम्ही पाहिलेल्या घराजवळ एक गिरण होती, पण तो म्हणाला, "आजी, ज्वारी आता फार कोणी आणत नाही. आणा, मी गव्हाआधी घालून देईन." भला माणूस होता. आईंना ते 'घालून देईन' खटकलं. उपकार वाटला.

डोंबिवलीत टिळकनगरच्या एका गल्लीत गिरणीबाहेर डब्यांच्या दोन रांगा लागलेल्या होत्या. आईंनी विचारायच्या आत आतून आवाज आला, "ज्वारी डाव्या रांगेत!" त्या तिथंच पायरीवर टेकल्या. अर्ध्या तासानं आम्ही शोधत आलो तेव्हा त्यांना कळलेलं होतं, की गणेश मंदिरात कीर्तन कधी असतं, पाणी किती वाजता येतं, कुठला डॉक्टर उगाच सलाइन लावतो आणि पाचवीसाठी सेमी-इंग्रजीची शाळा चालत किती लांब आहे. चालत, म्हणजे खरोखर चालत.

सुहासला एमआयडीसीचा निवासी भाग जास्त आवडला होता. रुंद रस्ते, झाडं, भाडंही कमी. तिथं आईंनी वॉचमनला विचारलं, "रात्री वास येतो का हो?" त्यानं आधी आमच्या एजंटकडे पाहिलं, मग म्हणाला, "सवय होते." ते घर तिथंच संपलं. तरी वारा फिरला की तो वास पुढे स्टेशनजवळच्या आमच्या घरीही यायचा, रात्री उशिरा, गोडसर आणि घशाला लागणारा. आणि २६ मे २०१६ ला एमआयडीसीतल्या एका रसायनाच्या कारखान्यात स्फोट झाला तेव्हा आमच्याही खिडक्या थरथरल्या. मी फोर्टमध्ये होते. फोन लागत नव्हता. त्या दिवसाचं माझं अंतर ४८ किलोमीटर नव्हतं, कितीतरी जास्त होतं.

अकरा महिन्यांचा करार, एका महिन्याची दलाली, तीन महिन्यांचं डिपॉझिट, पोलिसांकडची नोंद. हे सगळं जसं होतं तसं झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. जूनच्या पहिल्या पावसात टेम्पोतून पाटा-वरवंटा उतरला. अकरा महिन्यांची पुढे बारा वर्षं झाली.

या बारा वर्षांत मी डोंबिवली पाहिली ती बहुतेक अंधारात. सकाळी निघताना फडके रोडवर दुकानांची शटर बंद. रात्री उतरते तेव्हा स्टेशनबाहेर निवडलेली मेथी, सोललेला लसूण, मोडाची मटकी पिशव्यांत बांधून विकायला बसलेल्या बायका आणि पुढे पोळी-भाजी केंद्रावरची रांग. या गावानं माझ्यासारख्यांची गरज फार पूर्वीच ओळखून ठेवली आहे. गाडीतून उतरलेली बाई घरी जाऊन पुन्हा मेथी निवडणार नाही, हे इथल्या भाजीवालीला ठाऊक आहे. शेअर रिक्षात ड्रायव्हरशेजारी अर्धी बसून मी घरी जाते, आणि ती मेथी पाचव्या मिनिटाला कढईत असते.

उजेडातली डोंबिवली बाकीच्यांची. मुक्ताला कुठल्या गल्लीत कैऱ्या पडतात ते ठाऊक होतं. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर ती मैत्रिणींबरोबर नटून जायची. गुढीपाडव्याची शोभायात्रा, जी १९९९ मध्ये इथं सुरू झाली आणि मग गावोगावी गेली, तिच्यात ती लेझीम खेळली, तेव्हा मी फुटपाथवर उभी होते आणि माझ्या शेजारची बाई मला सांगत होती, "ती मधली आहे ना, ती आमच्या गल्लीतली." मी म्हटलं, "हो का?" त्या क्षणी 'माझी मुलगी' असं सांगायला का कोण जाणे, लाजच वाटली.

आता मुक्ता बावीस वर्षांची आहे. अंधेरीला नोकरी लागलीय. परवा तिनं जाहीर केलं, की ती मैत्रिणींबरोबर घाटकोपरला खोली घेणार, तिथून मेट्रोनं जाणार. मी घर सोडायचं काय कारण म्हणून विचारलं. ती म्हणाली, "आई, तू २८० तास दिलेस ना दर वर्षी? मी नाही देणार." माझा तो हिशोबाचा कागद तिला कुठल्या वहीत सापडला होता देव जाणे. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. सुहास फक्त म्हणाला, "खोली स्टेशनपासून किती लांब?" "चालत पाच मिनिटं," मुक्ता म्हणाली.

गेल्या वर्षी आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ऐंशीव्या वर्षी डोळ्यावर हिरवी पट्टी, धुळीत जायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. सुहास साइटवर होता. रविवार होता, म्हणून दळण घेऊन मी गेले. बारा वर्षांत पहिल्यांदा. गिरण शोधायला मला एकाला विचारावं लागलं.

गिरणीवाल्याच्या भुवयांवर, पापण्यांवर पीठ होतं. मी डबा पुढे केला. त्यानं माझ्याकडे नाही, डब्याकडे पाहिलं. पितळी कडीचा, झाकणाला पोचा आलेला सांगलीचा डबा.

"आजींचा डबा तुमच्याकडे कसा?"

"मी त्यांची सून."

तो थांबला. मशीनच्या आवाजात त्याला ओरडून बोलावं लागत होतं. "अच्छा! त्या फोर्टला असतात त्या तुम्ही? आजी सांगतात ना, सून फोर्टला असते म्हणून. मला वाटलं, तिकडेच राहता."

मी म्हटलं, नाही, इथंच राहते. त्याला बहुधा ऐकू गेलं नाही. त्यानं खिशातून खडू काढला, झाकणावर 'आजी' असं लिहिलं आणि डबा डाव्या रांगेत सरकवला.